गोळ्या त्याच होत्या, भानुदास

भानुदास,

तुझा तेरावा होऊन आठवडा उलटला. पाव्हणे गेले, मांडव निघाला, मीही म्हसवडला घरी परत आलो. त्या दिवशी आल्या आल्या दारातल्या खुर्चीत बसलो तो दिवेलागणीपर्यंत तसाच. शोभानं दोनदा चहा केला, दोन्ही वेळा निवून गेला. रडू आलं नाही. नुसता शीण आला होता आणि तो अजून उतरलेला नाही. रोज उठतो, शाळेत जातो, फळ्यावर लिहितो, पण हात कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा वाटतो.

जास्त शीण लोकांना उत्तरं देऊन आलाय. तुझ्या दारात जो जो भेटला त्यानं फिरून फिरून एकच विचारलं, "मास्तर, तुमालाबी त्योच रोग झालता न्हवं? मग तुमी कसं बरं झाला?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, हे मला कळतं. पण उत्तर द्यायला लागलो की गोष्ट लांबते, आणि माणसाला ती चहाचा कप संपेपर्यंत हवी असते. म्हणून गप्प बसायचो. आता तुझ्याशी बोलतो. तुला यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही.

आपण दिघंचीच्या अलीकडच्या एकाच गावचे, एका वर्गातले, एका बाकावरचे. गणित तुला माझ्यापेक्षा चांगलं यायचं. पण दहावीची परीक्षा झाली आणि निकालाची वाटही न बघता तुझ्या मामानं तुला कोईमतूरला नेलं, सोन्याच्या गलाईच्या दुकानात. त्यात कुणाला नवल वाटलं नाही. आपल्या भागात पाऊस बेताचा, त्यामुळं जवळजवळ प्रत्येक घरातला एक माणूस लांबच्या शहरात जुनं सोनं वितळवून शुद्ध करायच्या कामाला गेलेला. माझा मामा कुठंच नव्हता, म्हणून मी शिकलो. आपल्या दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या त्याचं कारण एवढंच. हुशारीचा त्यात काही संबंध नव्हता.

माझ्या नोकरीच्या मुलाखतीच्या आधी तू सुट्टीला आला होतास आणि येताना माझ्यासाठी शर्टाचं कापड घेऊन आला होतास, फिकट निळं. "शिवून घे. मुलाखतीला असल्या कळकट शर्टावर गेलास तर मास्तर म्हणून घ्यायचं न्हाईत, पट्टेवाला म्हणून घेतील," असं म्हणालास. तो शर्ट घालून गेलो आणि मास्तर झालो. तेव्हा तुझे आभार मानले नाहीत. मानले असते तर तू शिव्याच दिल्या असत्यास.

तुझं दुकान मी एकदाच बघितलं, शाळेला सुट्टी असताना आलो होतो तेव्हा. शटर अर्धं खाली ओढलेलं. आत भट्टी आणि ॲसिडचा असा वास की पहिल्यांदा डोळ्यांतून पाणी आलं. डोक्यावर पंखा होता, पण बंद. वाऱ्यानं सोन्याची भुकटी उडते म्हणून तो लावायचाच नाही, हे तू मला हसत सांगितलंस. राहायची खोली वरच्या मजल्यावर. आपल्याकडचीच माणसं, ओळीनं अंथरलेल्या चटया, एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायाशी. खिडकीपुढं लोखंडी कपाट ठेवलेलं.

"खिडकी उघडत न्हाई व्हय रं?" मी विचारलं.

"उघडून काय करतोस? समोर भिंत हाय."

सकाळी इडली, मग गिऱ्हाईक, मग चहा. दुपारचं जेवण चार वाजता, कधी त्याच्याही पुढं. मधली भूक चहानं मारायची, आणि तो चहा पाकासारखा गोड. दिवसभर तू मांडी घालून भट्टीपुढं बसलेला. तुझं पोट सुटलं होतं, त्याचा तुला अभिमानच होता. गावाकडं पोट सुटलेला गलाईवाला म्हणजे धंदा चांगला चाललाय असं धरायचे.

काही वर्षांनी तुझा फोन आला. "मास्तर, माझ्यात साखर हाय म्हणं." तुमच्या बाजारात कुणीतरी तपासणीचा कॅम्प लावला होता, त्यात निघालं. "आईला सांगू नगंस. ती म्हणंल, मग आता चहात घालायची वाचली." मी हसलो, तूही हसलास. गोळी सुरू झाली. ती तू घ्यायचास, संपली की आणायचास, कधी आठवड्यानं, कधी महिन्यानं. दुखत काहीच नव्हतं. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी दुकान बंद ठेवून डॉक्टरकडं जाणारा माणूस मी तरी आपल्यात बघितलेला नाही.

मग ती म्हसवडच्या रथाची यात्रा. तू दरवर्षीसारखा माझ्याकडं उतरलास. दारातून आत आलास आणि शोभा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन थबकली. तुझं पोट गेलं होतं. पँट राहीना म्हणून पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोक पाडलेलं. "भाऊजी, किती वाळलायसा वो!" ती म्हणाली. "पथ्य पाळतोय, वहिनी," तू म्हणालास आणि खोकायला लागलास. खोकला मलाही होता, तुझ्या आधीपासून. मी तो खडूच्या धुळीवर ढकलला होता, तू तुझा ॲसिडवर. दोघं एका खोलीत झोपलो आणि आळीपाळीनं खोकलो. शोभा वैतागली आणि यात्रा संपल्या संपल्या दोघांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. बेडका तपासला. दोघांना टीबी.

त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर आपला जो वाद सुरू झाला तो पुढं कधी मिटलाच नाही.

"तू दिलीस मला ही भेट," तू म्हणालास.

"मी? कोईमतूरच्या कोंदट खोलीत राहतोस तू आणि मी दिली व्हय?"

"तुझा खोकला जुना हाय, मास्तर. वर्गातली पोरं तोंडावर शिंकत्यात तुझ्या."

"आणि तुझ्या उशाला पाय करून झोपणारं काय अत्तर लावत्यात?"

शोभा मधे उभी होती. तिला कळेना हसावं की ओरडावं. कुणी कुणाला दिला ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि कळून उपयोगही नव्हता. औषध दोघांना एकच मिळालं. त्याच पाकिटातल्या, त्याच रंगाच्या गोळ्या. दोघांची लघवी त्याच दिवशी केशरी झाली, आणि तू घाबरून मला फोन केलास तेव्हा मीही तुलाच फोन लावत होतो.

इथपर्यंत आपण बरोबर होतो. इथून पुढचं लोकांना सांगता येत नाही.

मी रजा टाकली. पगार येत राहिला. शोभानं मागची खोली मला दिली, तिला दोन बाजूंना खिडक्या. सकाळी अंडी, दुपारी उसळ, संध्याकाळी दूध, मधे शेंगदाण्याचा लाडू. औषधानं मळमळायचं तेव्हा ती उशाशी बसून राहायची आणि घासभर तरी पोटात गेल्याशिवाय उठायची नाही. मी दिवसभर झोपायचो. एवढंच काम होतं मला, खायचं आणि झोपायचं. दोन महिन्यांत गाल वर आले.

तू गावाकडं आलास. मंगलवहिनी डाळिंबाच्या बागेत रोजानं जात होती आणि आता घरात येणारा पैसा तेवढाच, म्हणून तिला एक दिवसही चुकवून चालणार नव्हतं. सकाळी भाकरी थापून, तुझ्यापुरती झाकून ती टमटममध्ये बसायची. तू दिवसभर एकटा.

त्यात ते दोन डॉक्टर. टीबीचा डॉक्टर म्हणाला, भरपूर खा, वजन वाढलं पाहिजे, दूध, गूळ-शेंगदाणे, केळी, काही सोडू नका. तिथून उठून तू साखरेच्या डॉक्टरकडं गेलास, तर त्यानं गूळ, केळी, बटाटा, भात सगळ्यावर फुली मारली. तुझी साखर इतकी चढली होती की नुसत्या गोळीवर भागेना. त्यात टीबीच्या औषधानं साखरेच्या गोळीचा जोर कमी होतो, म्हणून इंजेक्शन सुरू केलं. दोघंही खरंच सांगत होते. पण एका दवाखान्यात असून ते दोघं एकमेकांशी कधी बोलले नाहीत. दोघांचं बोलणं एका ताटात बसवायचं काम मंगलवहिनीवर पडलं, आणि त्या ताटात काय पडणार हे बागेच्या रोजगारावर ठरायचं.

"एक म्हणतो खा, एक म्हणतो खाऊ नगं," तू मला म्हणालास. "मी आपलं भाकरीकडं बघून बसतो. तीबी माझ्याकडं बघती."

इंजेक्शनची बाटली थंड ठेवायला घरात फ्रिज नव्हता. मंगलवहिनीनं माठाच्या बुडाशी ओली वाळू करून तिच्यात वाटी पुरली आणि त्या वाटीत बाटली. उन्हाळ्यात वाळू दुपारपर्यंत कोरडी व्हायची. ती बागेत, तू अंथरुणावर. किती औषध चांगलं राहिलं आणि किती वाया गेलं, कुणाला माहीत.

एकदा दुपारी शोभानं दिलेली अंडी घेऊन मी तुझ्याकडं आलो. तू लिंबाखाली बाजेवर बसला होतास. सदरा घामानं चिंब, ओठ पांढरे. मला बघून म्हणालास, "मामा, भट्टी कुणी इजवली?" तुझा मामा जाऊन किती वर्षं झाली होती! इंजेक्शन घेऊन खाल्लं नाही की साखर एकदम उतरते आणि माणूस बरळतो, हे डॉक्टरनं बजावलं होतं. घरात शिरलो, साखर शोधली. साखर नव्हतीच. तुझ्या दुखण्यानंतर मंगलवहिनीनं ती घरात आणायची सोडली होती. फळीवर गुळाचा खडा सापडला. तो पाण्यात कालवून तुला पाजला, अर्धा सदऱ्यावर सांडला. थोड्या वेळानं तुझी नजर जागेवर आली.

"मास्तर? तू कवा आलास?"

"मघाशी. काय झालं रं तुला?"

"इंजेक्शन घेतलं आन् खोकल्याची ढास लागली. भाकरी घशाखाली उतरंना. म्हणलं पडावं जरा."

इंजेक्शन पोटात, आणि भाकरी टोपल्यात. मी तिथंच चुलीपुढं बसून अंडी उकडली आणि तू दोन खाल्लीस. संध्याकाळी मंगलवहिनी आली. मी सांगितलं तेव्हा तिनं पाटीतलं खुरपं भिंतीला टेकवलं आणि तुझ्या पायाशी बसली. मग म्हणाली, "भाऊजी, मी घरी बसले तर ह्यांना घास भरवीन. पण तो घास आणायचा कुठनं, ते सांगा."

तुझ्या काजलचं लग्न त्याच वर्षी. पोरीला बघायला पाव्हणे यायचे म्हटलं की तू दोन दिवस आधी मळ्यातल्या पत्र्याच्या खोपीत जाऊन राहायचास, घरात खोकला ऐकू येऊ नये म्हणून. "टीबीवाल्याची पोरगी" म्हणून कुणी परत जाईल ही एकच भीती तुला होती, मरणाची नव्हती. उन्हानं पत्रा तापायचा आणि तू त्याखाली. मी म्हणालो, दोन महिने औषध घेतल्यावर तुझ्यापासनं कुणाला लागत न्हाई, डॉक्टरनं सांगितलंय. "तुला सांगितलं. गावाला कोण सांगणार?" तू म्हणालास. लग्न झालं. अक्षता पडल्या तेव्हा तू तोंडाला रुमाल दाबून उभा होतास. पाव्हण्यांना वाटलं बाप रडतोय. मीच फक्त तुझ्या पाठीवर हात ठेवून होतो आणि आतली धाप मला तळहाताला लागत होती.

औषधाचा कोर्स संपला. दोघांचाही बेडका स्वच्छ आला. "पास झालो दोघंबी," तू म्हणालास, "तू फर्स्ट क्लासात, मी काठावर." माझं वजन पहिल्यापेक्षा जास्त झालं होतं. तुझे खांदे हँगरसारखे. साखर चढतीच.

आणि मग तू कोईमतूरला परत जायला निघालास.

तेवढं कडाक्याचं भांडण आपलं आधी कधी झालं नव्हतं. दिघंचीच्या स्टँडवर, लोकांच्या देखत. मी म्हणालो, निदान वर्षभर थांब. तिथली भट्टी, ती खोली, ते चार वाजताचं जेवण, पुन्हा उठंल हा रोग. तू पिशवी या हातातून त्या हातात घेतलीस.

"तुझा पगार तू झोपलास तरी तुझ्या दारात येतो, मास्तर. माझा मला जाऊन आणावा लागतो."

"आणि मेलास म्हंजे?"

"मग आणायचं कामच मिटलं."

मी चिडून तोंड फिरवलं. गाडी आली. तू चढलास आणि खिडकीतून ओरडलास, "शोभावहिनीला सांग, अंडी लई भारी असायची." गाडी गेली. त्या भांडणात कोण बरोबर होतं, ते मला आजही ठरवता येत नाही. मी जे बोललो ते खरं ठरलं. पण तू जे बोललास तेही काही खोटं नव्हतं.

फोनवर तू कायम बरा असायचास. "बरा हाय. तू?" मी विचारायचो, साखर तपासली का? "तपासतो की, रविवारी." तुझे रविवार कधी आले नाहीत. मग फोन लहान होत गेले, मधे खोकला यायला लागला, आणि एके दिवशी तुझ्या दुकानातल्या एका गाववाल्यानं फोन केला की भानुदासला गाडीत बसवलाय, मिरजेला उतरवून घ्या.

मिरज स्टेशनवर मी तुला ओळखलं नाही. माणसं उतरत होती, जात होती. एका बाकड्यावर कुणीतरी म्हातारा भिंतीला टेकून बसला होता आणि त्यानं हात वर केला. आपण एका वयाचे, भानुदास. हमाल मला म्हणाला, "तुमचे वडील का?" मी नुसती मान हलवली. तुझ्या कानावर ते गेलं होतं. तू हसलास. "पाया पड मग," म्हणालास.

तिथून सरळ सांगलीला, सरकारी दवाखान्यात. टीबी पुन्हा उठला होता, आणि या वेळी दोन्ही फुफ्फुसांत. त्याच्या गोळ्या तुला कोईमतूरलाच सुरू झाल्या होत्या. साखर मीटरवर मावत नव्हती. पायाला जखम झालेली, ती तू सांगितलीच नव्हतीस. वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, डोळ्यांखाली काळं. त्यांना मी बाहेर गाठलं आणि तोच प्रश्न विचारला जो आता लोक मला विचारतात. आम्हा दोघांना एकच रोग, एकच गोळ्या, मग हे असं का?

त्या भिंतीला टेकल्या. बहुतेक सकाळपासून बसल्याच नव्हत्या. म्हणाल्या, "काका, गोळी जंतू मारते, पण सगळे नाही. उरलेले अंगातल्या रक्तानं मारायचे असतात. साखर अशी चढलेली असली की ते रक्त काम करत नाही. आणि पोट रिकामं असलं, झोप नसली, खोलीत हवा नसली, तर अजून नाही." मग म्हणाल्या, "मी त्यांना औषध लिहून देऊ शकते. बाकीचं मला लिहून देता येत नाही." त्यांना आत कुणी हाक मारली आणि त्या गेल्या.

शेवटचे काही आठवडे तू कमी बोललास. मंगलवहिनी खाटेखाली सतरंजी टाकून राहिली होती. मी शनिवारी शाळा सुटली की यायचो, रविवारी दिवसभर असायचो. एकदा तू डोळे मिटून होतास, मला वाटलं झोपलास. तसाच म्हणालास, "मास्तर, टीबीची एकबी गोळी मी चुकवली न्हाई. पयल्यांदाबी न्हाई आन् आताबी न्हाई."

"ठावं हाय मला."

"तुला ठावं हाय. पण लोकं म्हणणार."

तू गेलास त्या सकाळी मंगलवहिनी खाली चहा आणायला गेली होती. ऊन खिडकीतून तुझ्या पायावर आलं होतं. तू मला म्हणालास, "जरा सरकव रं, चटका लागतोय." मी खाट सरकवायला वाकलो. ती जड होती, जागची हलेना, म्हणून मी चादर तुझ्या पायावर ओढली. वर बघितलं तर तू नव्हतास. शोभा नंतर म्हणाली, त्रास झाला नाही हे बरं. मी हो म्हणालो. त्रास आधी काय कमी झाला होता?

तुझ्या तेराव्याला जेवणं आटपल्यावर माणसं मांडवात पान खात बसली होती. आणि तू म्हणाला होतास तेच झालं. कुणीतरी म्हणालं, "सरकार फुकट गोळ्या देतं, पण मानसं खात न्हाईत." दुसरा म्हणाला, "तकडं एकटा व्हता, पीतबी आसंल." मी उठायला लागलो. पण त्याआधी मंगलवहिनी आतून बाहेर आली. तिच्या हातात खताची रिकामी गोणी होती, तोंड बांधलेली. मांडवाच्या मधोमध येऊन तिनं ती गोणी उलटी केली. गोळ्यांची रिकामी पाकिटं, भानुदास. इथली, कोईमतूरची, सांगलीची, दोन्ही वेळची. सगळी फोडलेली, सगळी रिकामी. इंजेक्शनच्या बाटल्या, सुया, सगळं. ढीग पायाशी सरकत आला तसे लोकांनी पाय मागं घेतले.

"मोजा," ती म्हणाली. "कोन म्हणालं खाल्ल्या न्हाईत? मोजा बसून."

तिनं ढिगातलं एक पाकीट उचलून पुढं धरलं.

"मानूस गोळ्या खात व्हता माझा. भाकरी खायला त्याला सवड न्हवती. पिला न्हाई कवा, चहाबिगर." तिचा आवाज चढला नव्हता. तिनं खाली बसून एकेक पाकीट पुन्हा गोणीत भरलं. मीही बसलो आणि भरू लागलो. बोलणारा माणूस पान थुंकायच्या निमित्तानं उठून गेला. तुझ्यावरचा तो डाग निघाला की नाही माहीत नाही, पण त्या मांडवात तरी परत कुणी ते बोललं नाही.

तुझ्याशी बोलायचं बरंच राहिलं. मला तुला विचारायचं होतं की स्टँडवर मी तोंड फिरवलं तेव्हा तुला वाईट वाटलं का. आणि सांगायचं होतं की मी खिडकीच्या खोलीत झोपलेला असताना मला रोज तुझी आठवण यायची, पण फोनवर ते कधी बोललो नाही. तू बोलू दिलं नसतंस. आजारातून उठलो ते माझ्या अंगाच्या गुणानं नाही, हे मला कळतं. माझ्या बाजूनं पगार होता, शोभा होती, दोन खिडक्या होत्या आणि रक्तात साखर नव्हती. तुझ्या बाजूनं मंगलवहिनी होती. तिच्या एकटीच्या जिवावर तू पहिल्यांदा बरा झालास, हे लोकांना कुठं दिसतं?

काल मी तिला आटपाडीला तपासायला घेऊन गेलो. घरातल्या माणसाला लागलं का ते बघायचं असतं. ती येत नव्हती. "बागेत छाटणी चाललीय, भाऊजी. मला काय झालंय?" शोभानं फोनवर दम दिला तेव्हा आली. छातीचा फोटो स्वच्छ निघाला. साखरही नाही. पण रक्त फार कमी, वजन फार कमी. तिथल्या बाई म्हणाल्या, "असंच राहिलं तर आज नाही तर उद्या तुम्हालाही लागेल. वेळच्या वेळी जेवा." मंगलवहिनीनं मान हलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "बागेत जेवायला बसायच्या टायमाला मुकादम घड्याळ बघत उभा ऱ्हातो, ते ह्यांना कोन सांगंल?"

बसला अवकाश होता. स्टँडसमोरच्या खानावळीत मी तिला बसवलं. ती बाकाच्या अगदी कडेला बसली, पदर ओढून. ताट आलं. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, कांदा. तिनं माझ्या ताटाकडं बघितलं. माझं अजून आलं नव्हतं, म्हणून तिचा हात तसाच मांडीवर.

"जेवा वहिनी. माझ्यासाठी थांबू नका."

"बाप्यामानसाच्या आधी?"

"व्हय. आधी."

तिनं घास मोडला. सुरुवातीला घास लहान होते, मग मोठे झाले. माझं ताट आलं ते तिनं बघितलंही नाही. कुणासाठी अर्धी भाकरी बाजूला ठेवली नाही, कुणाचं झालं का म्हणून मान वर केली नाही. मी एवढ्या वर्षांत तिला जेवताना पहिल्यांदाच बघत होतो. तुझ्या घरी कितीदा जेवलो असेन, पण ती नेहमी वाढत उभी.

ताट पुसून झाल्यावर तिनं बोटं ताटाच्या काठावर टेकवली. मग वाढणाऱ्या बाईला तिनं स्वतःहून हाक मारली.

"आवं ताई," ती म्हणाली, "मला अजून एक भाकरी आणा."